गाडीचा फेरफार

ज्या शहराच्या एका अंगास पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी बाहेर पडली, १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ या नावाने स्थापन झालेली आणि २००५ पासून ‘फोर्स मोटर्स’ म्हणविणारी कंपनी ज्याच्या आकुर्डीत नांदते आहे, आणि ज्याच्या वेताळ टेकडीवर ठाण मांडून १९६६ सालची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेते, त्या पुणे शहरात, पदरचे पैसे मोजून घेतलेली गाडी मालकाने आपल्या मर्जीनुसार कितपत बदलावी, हा प्रश्न हौशी मंडळींच्या गप्पांपुरताच राहावा याचे मला मनापासून वाईट वाटते. रस्ता सोडून डोंगरवाटेला लागणाऱ्या या दांडग्या गाड्यांच्या मालकांत दोन पंथ उघड दिसतात. एक पंथ गाडी कारखान्यातून निघाली तशीच अखेरपर्यंत राखण्यात धन्यता मानतो, आणि दुसरा ती घरी आली की तिची उंची, चाके, दिवे, बंपर यांना हात घातल्याखेरीज स्वस्थ बसत नाही. दोन्ही पंथांचा एकेक समर्थ प्रतिनिधी मला एकाच घरात भेटला, आणि त्यांचा जो वाद मी ऐकला तो येथे शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत देत आहे.

माझे एक स्नेही परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक म्हणून सारी नोकरी करून निवृत्त झाले आणि एरंडवण्यात राहतात. त्यांच्या अंगणात महिंद्रा कंपनीची जुनी एमएम ५४० जीप उभी असते. पुढे-मागे कमानी पाटे, प्युजोच्या परवान्याने बनविलेले २११२ सी.सी.चे डिझेल इंजिन आणि कापडी छत, असे तिचे मूळ रूप त्यांनी जिवापाड जपले आहे. एखादा भाग झिजला तर नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने पालथी घालतील, तेथे नाही मिळाला तर रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात चकरा मारतील, पण ‘दुसऱ्या गाडीचा बसतो’ म्हणून कुणी देऊ केलेला भाग घेणार नाहीत. त्यांची भाची चाकणच्या एका कारखान्यात सस्पेन्शनचे आराखडे करते, आणि तिच्याजवळ नव्या पिढीची थार आहे. ती दोन इंच उंच केलेली, मोठ्या टायरांची, पुढे लोखंडी बंपर आणि विंच, वर दिव्यांची पट्टी अशी गाडी त्या जीपशेजारी उभी राहिली की दोन्ही पंथ एकाच अंगणात एकत्र आलेले दिसतात.

त्या दिवशी काम जीपचेच चालले होते. आदल्या आठवड्यात ती वेल्ह्याकडे एका ओढ्यातून गेली होती, म्हणून मागच्या डिफरन्शिअलचे तेल पाहावयाचे होते. भाचीने पोते अंथरले, गाडीखाली सरकून तळाचा बोल्ट पान्याने सैल केला, आणि खालच्या घमेल्यात जे उतरले ते काळसर, दाट गिअर ऑइल नव्हते. पांढुरके, फेसाळलेले, बोटांत चोळले तर धरच न देणारे असे काहीतरी होते. तेलात पाणी शिरले होते. ते शिरते कसे, हे तिने गाडीखालूनच मला समजावून सांगितले : धावून तापलेला आस एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, ती भरून काढण्यासाठी आसावर एक लहानसा ब्रीदर असतो, तो चिखलाने बुजलेला असला किंवा पाण्याखाली गेला, तर आतली पोकळी तेलाच्या सीलच्या कडेने नाहीतर ब्रीदरमधूनच पाणी ओढून घेते. असे तेल तसेच राहू दिले तर दाते आणि बेअरिंगे गंजतात, आणि ज्या कामाला तासभर आणि थोडे तेल पुरले असते त्याच्यासाठी पुढे सबंध डबा उतरवावा लागतो.

“माझ्या गाडीच्या ब्रीदरला मी रबरी नळी जोडून ती पार बॉनेटखाली उंचावर नेली आहे,” ती हात पुसत म्हणाली. “मामा, तुमच्या मूळ रूपाच्या हट्टापायी हे पाणी आत आले. कारखान्याने ब्रीदर आसावर ठेवला, म्हणून तो तिथेच राहिला पाहिजे असे कोणत्या शास्त्रात आहे?”

“कारखान्याने पुस्तकात हेही लिहिले आहे, की पाण्यातून गाडी गेल्यावर तेल तपासा,” मामा म्हणाले. “ते आपण आज तपासले, आणि बदलतो आहोत. ब्रीदर साफ करायचा राहिला तो माझ्याकडून, तेव्हा चूक निगराणीची आहे, रचनेची नव्हे. अगं, जी गाडी नीट राखली जात नाही ती माणसाला सदोष वाटू लागते, आणि मग तो तिच्यात बदल करू लागतो. माझ्या नोकरीत मी हे इतके पाहिले आहे की कुणी ‘गाडी बदलली’ म्हणून सांगत आला तर मी पहिल्याने पाट्यांचे बुश आणि चाकांची बेअरिंगे हलवून पाहत असे.”

“ते मला कबूल आहे. ज्याला आपल्या गाडीचे ग्रीस पॉइंट ठाऊक नाहीत त्याने तिची उंची वाढवू नये, हे मी स्वतः लोकांना सांगते. पण ब्रीदरची नळी ही निगराणी की बदल? तुम्ही या दोहोंत भिंत घालता, आणि कामाला बसले की ती भिंत सापडत नाही. शिवाय जीप ही गाडी मूळ रूपात राहिली कधी? महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलच्या जीपा लोकांनी लिलावात घेतल्या. कुणी त्यांत डिझेल इंजिन घातले, कुणी मागे बाके टाकली. माझगावला महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे या देशातला खेड्यापाड्यांचा रस्ता अशाच मिस्त्र्यांनी बदललेल्या गाड्यांनी चालवला.”

या विधानात सत्य आहे, याची साक्ष मीही देऊ शकतो. सामूहिक विकास योजना १९५२ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यावर सरकारी जीप ही तालुक्याच्या गावी एक सत्ताच होऊन बसली होती. भूमी अभिलेख खात्यात नोकरीला लागल्यावर मी ज्या जीपांतून दौरे केले त्यांतली एकही कंपनीने पाठविली तशी नव्हती. कुठे फळीची बैठक, कुठे पत्र्याचे दार, कुठे ट्रॅक्टरचा दिवा, आणि ड्रायव्हर हाच तिचा वैद्य.

परंतु मामांनी हा इतिहास प्रमाण मानण्यास साफ नकार दिला. “त्या जीपा ताशी चाळीस किलोमीटरने जात आणि रस्त्यावर समोरून दुसरी गाडी येत नसे. आता तुझी थार द्रुतगती मार्गावर शंभराने जाते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ म्हणते, की नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने ठरविलेले मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, आणि बेकायदा बदलास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तजवीज झाली. विमा कंपनीला न कळविता केलेला बदल तुझ्या नुकसानीचा दावा अडवू शकतो तो वेगळाच.”

“मग आकुर्डीच्या गुरख्याचे काय?” तिने विचारले. “२०२१ ची फोर्स गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्कल लावून येते, पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना डिफरन्शिअल लॉक घेऊन येते, आणि सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते. तीच नळी मी माझ्या गाडीला लावली तर मी गुन्हेगार ठरणार? नळी तीच, हवा तीच, ओढाही तोच.”

“नळी तीच, पण गाडी ती नव्हे. त्यांनी नळी लावली ती सबंध गाडी पाण्यात घालून पाहिल्यावर. तुझ्या थारची मर्यादा साडेसहाशे मिलिमीटरची. ती केवळ हवा कोठून घ्यायची एवढ्यावरून ठरलेली नाही, अल्टरनेटर कोठे आहे, वायरींचे जोड कोठे आहेत, दारांचे रबर किती वेळ टिकते, यावरून ठरली आहे. स्नॉर्कल लावला म्हणून यांतले काही वर सरकत नाही. पण चालवणाऱ्याचे धाडस मात्र वाढते.”

येथे भाची काही वेळ बोलली नाही, आणि नंतर जे बोलली ते मला फार मोलाचे वाटले, कारण ते प्रतिपक्षाच्या नव्हे तर स्वतःच्या पंथाच्या उणिवांविषयी होते. स्नॉर्कलचा खरा उपयोग इंजिनाच्या सिलिंडरात पाणी जाऊ न देणे एवढाच. हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही, म्हणून पाणी आत शिरले की पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी निकामी होते. हे टाळण्याचे काम ती नळी करते, पण तिचे सांधे हवाबंद असतील तरच. आणि बाजारात लावलेल्या पुष्कळ नळ्या नुसत्या शोभेला असतात, बॉनेटच्या आत त्यांचा सांधा सैलच असतो. गाडी उंच करण्याचेही तसेच. नव्या थारची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनची, तेव्हा स्प्रिंगच्या माथ्यावर चकत्या घालून पुढचे अंग वर उचलले की चाकांकडे जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टांचा कोन तीव्र होतो, सांध्यावरचे रबरी बूट ताणून फाटतात, आत वाळू गेली की सांधा कुरकुर करू लागतो. “पोटासाठी रोज जे काम करते त्यातलेच मी तुम्हाला सांगते आहे,” ती म्हणाली. “चकत्या घालून उंच केलेल्या गाड्या मलाही भिववितात. मी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि वरचे आर्म असा सबंध संच बदलला, आणि अलाइनमेंट करून घेतली.”

“आणि टायर?”

“टायर मोठेच आहेत.”

मामांनी खिशातली पेन्सिल काढली. मूळ टायराहून दहा टक्के मोठ्या व्यासाचा टायर घातला, तर गतिमापक काटा ६० दाखवीत असताना गाडी ६६ ने जात असते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की गाडीची गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, आणि ब्रेक तेवढेच असल्यामुळे थांबण्यास लागणारे अंतरही तितक्याच मानाने वाढते. वर गुरुत्वमध्य दोन इंच चढलेला, पुढच्या आसापुढे विंच आणि बंपर मिळून अर्ध्या क्विंटलाहून अधिक लोखंड टांगलेले. “वरंधा घाटात, पावसात, समोरून एस.टी. येत असताना हे सगळे एकत्र हिशेबाला येते,” ते म्हणाले, “आणि त्या एस.टी.तल्या माणसांनी तुझ्या हौशीला संमती दिलेली नसते.”

बंपरविषयी फारसा वाद उरला नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते, की असे लोखंडी गार्ड पादचाऱ्यांना घातक असतात आणि धडकेचा वेध घेऊन एअरबॅग उघडणाऱ्या यंत्रणेतही अडथळा आणतात. भाचीने तो उतरविण्याचे कबूल केले. दिव्यांची पट्टी शहरात झाकलेलीच असते आणि तशीच राहील, असेही सांगितले. पण चासीला घट्ट बसविलेले ओढण्याचे आकडे मात्र ती काढणार नव्हती. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना जाणत्या माणसाच्या अंगावर काटा कशाने येतो, तर कुणीतरी दोर बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला बांधलेला पाहून. दोर ताणला गेला आणि तो गोळा उपटून निघाला, तर मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा जीव जातो. या मुद्द्यावर तिचे म्हणणे मला बिनतोड वाटले. हा बदल नव्हे, ही सुरक्षितता आहे. कायद्याच्या पुस्तकात तिला जागा नसेल तर ती करून दिली पाहिजे.

मग मामांनी आपली खरी तक्रार पुढे आणली. ती गाडीची नव्हती, जमिनीची होती. “गाडी एवढी समर्थ केली की ती घेऊन कोठेतरी जावेसे वाटणारच. टेकडीवर जातील. पावसाळ्यात एकदा चार चाकांची रांग उमटली की पाणी त्याच रांगेतून धावते आणि पुढल्या वर्षी तेथे घळ पडलेली असते. कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, पण तसेच कातळसडे साऱ्या सह्याद्रीवर पसरले आहेत. त्यांवर मातीचा थर बोटभर, त्यातच फुलांचे सारे बी. तेथे टायर एकदा फिरला की ते वर्षानुवर्षे दिसते. आणि कोकणच्या पुळणी! वेळासला गावकरी रात्री जागून कासवांची घरटी राखतात, आणि तशाच पुळणींवर हौशी लोक गाड्या फिरवतात.”

“समुद्रात अडकलेल्या ज्या गाड्या दर सुट्टीत भरतीत बुडताना दिसतात, मामा, त्या बहुतेक जशाच्या तशा शोरूममधून आलेल्या असतात,” ती म्हणाली. “त्यांच्याजवळ दोर नसतो, भरतीची वेळ माहीत नसते, वाळूत टायरची हवा कमी करायची असते हेही माहीत नसते. पुळणीवर गाडी नेणे मला तुमच्याइतकेच नापसंत आहे. पण २०१८ साली केरळात पूर आला तेव्हा जीपवाले हौशी लोक आपल्या उंच केलेल्या गाड्या घेऊन पाण्यात उतरले आणि माणसे काढली. त्या गाड्या दंडाला पात्र होत्या. राजमाचीच्या वाटेला लागल्यावर कळते की कारखाना सर्वांसाठी एक सरासरी गाडी बनवतो. तिला माझ्या वाटेजोगी करून घेणे यात बेशिस्त काय आहे?”

या ठिकाणी मला बोलावेसे वाटले, कारण माझी सारी नोकरी ज्या कामात गेली त्याच्याशी हा प्रश्न मला अगदी मिळताजुळता दिसू लागला. जमिनीचा हक्क बदलतो. बाप मरतो, भाऊ वाटण्या करतात, शेत विकले जाते. सरकार हे बदल बंद करीत नाही, आणि ते गुपचूप होऊही देत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० अन्वये तलाठी फेरफाराची नोंद धरतो, तिची प्रत चावडीत लावतो, हितसंबंधीयांना नोटीस देतो, हरकतींसाठी मुदत ठेवतो, आणि मग वरचा अधिकारी ती नोंद तपासून प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. हरकत आली तर तिचीही वेगळी नोंदवही असते. सात-बाराचा उतारा विश्वासार्ह ठरतो तो या वाटेमुळे. गाडीच्या बाबतीत ही वाट फार थोड्या बदलांना खुली आहे : मान्यताप्राप्त सीएनजी किट बसविले तर त्याची नोंद आर.सी.त होते, अपंग व्यक्तीसाठी गाडी सोयीची करून घेता येते. बाकी मालकापुढे दोनच मार्ग उरतात, बदल न करणे किंवा तो लपविणे. आणि लपविणे म्हणजे काय, ते सर्वांना ठाऊक आहे : तपासणीच्या दिवशी भाग उतरवून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायचे. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक मालकाला दाखविण्यासारखे काही नसते आणि लबाडाला दोन तासांच्या कामात सुटका मिळते, ती रस्त्यावरच्या कुणाचेच रक्षण करीत नाही.

जर्मनीत टी.यू.व्ही.सारख्या मान्य संस्थेचा परीक्षक बदललेली गाडी स्वतः तपासतो, आणि ती पसंतीस उतरली तर तो बदल गाडीच्या कागदपत्रांत लिहिला जातो. आपल्याकडे परीक्षा घेणारी संस्था टेकडीवर आहेच, पण ती प्रामुख्याने निर्मात्यांसाठी. एकट्या मालकाने आपली एक गाडी घेऊन जावे, ब्रेकचे अंतर मोजून घ्यावे, गतिमापक दुरुस्त करून घ्यावा, आणि दाखला घेऊन संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात नोंद करावी, अशी वाट पुण्यात असावी. पुण्यात नसेल तर ती या देशात कोठे असावी?

“अहो, सही कोण करणार?” मामांनी मला विचारले. “तुमच्या फेरफारात चूक झाली तर दिवाणी दावा होतो, येथे चूक झाली तर माणूस मरतो. मी इतकी वर्षे सह्या केल्या आहेत, त्यांचे ओझे मला माहीत आहे.”

“मी करीन,” भाची म्हणाली. “पात्रता ठरवून द्या, परवाना द्या, चूक झाली तर तो काढून घ्या. आराखड्यावर तर रोजच सही करते.”

“आणि ती सही टिकणार किती दिवस? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आज तुझे बुश नवे आहेत. तीन पावसाळ्यांनंतर तेच बुश चिरलेले असतील आणि कागदावर मात्र तुझा दाखला ताजा असेल. टॅक्सीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी आहे. ज्याने गाडी बदलली त्याने पंधरा वर्षांची सवलत सोडावी आणि पहिल्या वर्षापासून दरवर्षी तपासणीला यावे. हे मान्य असेल तर मी तुमच्या दरखास्तीवर सही करतो.”

तिने क्षणाचाही विलंब न लावता मान्य केले. मात्र तपासणी कधी व्हावी यावर दोघांचे पुन्हा जुळेना. मामांच्या मते ती मे महिन्यात, पावसाच्या आधी व्हावी, कारण ओल्या घाटात ब्रेक आणि टायर यांचीच कसोटी लागते. भाचीच्या मते ती दसऱ्याच्या सुमारास व्हावी, कारण पाणी आणि चिखल आत शिरतो तो पावसाच्या चार महिन्यांत, आणि घमेल्यातले तेल त्याचा पुरावा होता. मी दोन्ही वेळा सुचविल्या. दोन तपासण्यांचा खर्च कोणी सोसावा, एवढेच मग ठरायचे राहिले, आणि त्यावर दोघांचेही उत्तर एकच होते : बदल ज्याने केला त्याने.